गहू भिजत घालण्याआधीचं आभाळ

एप्रिलातल्या एखाद्या संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास, आई गच्चीच्या कठड्याला टेकून पूर्वेकडे बघत उभी राहते. आमचं घर मिरजेचं. पूर्वेला दंडोबाचा डोंगर आणि त्यापलीकडे कवठेमहांकाळ, जतचा मुलूख. तिकडचं आभाळ बघून झालं की ती विचारते, "काय रे, उद्या गहू भिजत घालू का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला हिशेब लांबचा आहे. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं, चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं. म्हणजे उद्या भिजवलेल्या गव्हाला उद्याच्या उन्हाशी काही घेणंदेणं नसतं, त्याला ऊन हवं असतं ते चार दिवसांनंतरचं. आणि एकदा गहू भिजला की थांबता येत नाही. चीक आंबतो, त्याला वास मारतो. घातलेल्या कुरडईवर दुसऱ्याच दिवशी मळभ आलं तर ती बाहेरून सुकते, आत ओली राहते आणि तळताना फुलत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर उन्हाळ्यातली संध्याकाळ मुळात घडते कशी, हे कळायला हवं. ते गेली काही वर्षं मी समजून घेत आलो आहे.

सुरुवात जमिनीपासून करू. ऊन हवेतून येतं पण हवेला फारसं तापवत नाही. ते तापवतं जमिनीला, आणि जमीन तापवते हवेला. म्हणून सूर्य डोक्यावर असतो साडेबाराच्या पुढे-मागे, आणि पारा सगळ्यात वर जातो तीन-साडेतीनला. मधल्या वेळात जमिनीची जमा खर्चापेक्षा जास्तच असते. गच्चीवरची फरशी तेव्हा पन्नास अंशांच्या पार गेलेली असते, अनवाणी पाय ठेवता येत नाही. या तापलेल्या जमिनीला चिकटलेली हवा हलकी होते आणि तिचे मोठमोठे गोळे सुटून वर जाऊ लागतात. दुपारी रस्त्यावर धुळीची भोवरी उठते ती याच कामाची दिसणारी खूण. घारी पंख न हलवता वर वर चढतात त्याही याच गोळ्यांवर बसून.

वर जाणारी हवा पसरते आणि पसरताना थंड होते. शंभर मीटरला साधारण एक अंश, हा हिशेब पक्का आहे. ती कुठवर चढेल आणि चढून तिचा ढग होईल का, हे ठरतं तिच्यात पाण्याची वाफ किती आहे यावर. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळा खेळ या वाफेचा असतो. तापमान आज अडतीस, उद्या सदतीस, त्यात फार फरक पडत नाही. वाफेत मात्र एका रात्रीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वाफ मोजायचं एक सोपं माप आहे, दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातून पाणी सुटायला लागेल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. मुलांना सुट्टी लागली आहे, त्यांच्याकडून करून घेण्यासारखा प्रयोग आहे हा. स्टीलच्या चकचकीत भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात तापमापक ठेवायचा आणि बर्फाचा एकेक तुकडा टाकून ढवळत राहायचं. भांड्यावर बाहेरून पहिली अंधूक साय धरली की तापमापक वाचायचा. तोच त्या वेळचा दवबिंदू. एकदा केलं की मुलं रोज करतात, वहीत लिहितात, आणि आठवडाभरात त्यांना वर्तमानपत्रातल्या कमाल तापमानापेक्षा हा आकडा जास्त बोलका वाटू लागतो.

दोन संध्याकाळी शेजारी ठेवून बघू. एक कोरडी: दुपारी अडतीस अंश, हवेतली आर्द्रता वीस टक्के. या हवेचा दवबिंदू येतो सुमारे अकरा. दुसरी दमट: छत्तीस अंश, आर्द्रता पस्तीस टक्के, दवबिंदू अठरा. अंगाला दुसरी जास्त जाच करते, हे सांगायला नको. आता ढगांचं बघा. तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाच्या फरकाला ढगाचा तळ साधारण सव्वाशे मीटर वर जातो. कोरड्या दिवशी फरक सत्तावीस अंशांचा, म्हणून तळ जवळपास ३४०० मीटरवर. तिथवर हवेचे गोळे पोचले तरी दमलेले असतात, कापसाचे चार पुंजके धरतात आणि विरतात. दमट दिवशी फरक अठरा अंशांचा, तळ २२५० मीटरवर. गोळ्यात अजून दम आहे तोवरच ढग धरायला सुरुवात होते, आणि ढग धरला की त्याला नवं इंधन मिळतं.

हे इंधन म्हणजे वाफेत साठलेली उष्णता. कुकरच्या शिट्टीच्या वाफेनं हात पोळतो तो उकळत्या पाण्यानं पोळतो त्याहून जास्त, कारण वाफेचं पाणी होताना साठवलेली उष्णता सुटते. ढगात हेच होतं. एक लिटर पाणी होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. एका चौरस किलोमीटरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं एक कोटी लिटर. म्हणजे सत्तर लाख युनिटच्या घरातली ऊर्जा, अर्ध्या तासात, एका गावाच्या शिवारावर. ढग बाराबारा-पंधरापंधरा किलोमीटर उंच चढतो तो या बळावर.

ही वाफ येते कुठून? एप्रिल-मे महिन्यांत बातम्यांत एक वाक्य रोज असतं: विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा पट्टा. ते वाक्य आपण वाचून सोडून देतो. माझ्या मते उन्हाळी हवामानातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच आहे. या पट्ट्याच्या एका अंगाला वायव्येकडून, राजस्थान-गुजरातकडून येणारा कोरडा वारा असतो. दुसऱ्या अंगाला बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेकडून येणारा दमट वारा. दोन्ही जिथे भेटतात तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट राहत नाही. हा पट्टा जागचा हलत असतो, कधी पश्चिमेला सरकतो, कधी पूर्वेला. तो आपल्या डोक्यावरून पश्चिमेला गेला की आपण दमट वाऱ्याच्या राज्यात येतो. परत पूर्वेला ढकलला गेला की कोरड्या. कुरडईवाल्यांनी विचारायचा खरा प्रश्न हा, की येत्या चार-सहा दिवसांत पट्टा आपल्या कुठल्या बाजूला असणार आहे.

घरातल्या घरात याची खूण सांगणारी वस्तू म्हणजे माठ. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. वर सांगितलेल्या कोरड्या दिवशी माठाचं पाणी फार तर एकवीस अंशांच्या जवळ जाऊ शकतं, दमट दिवशी चोविसाच्या खाली जाणार नाही. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात, घशाला ते लगेच कळतात. "आज माठाचं पाणी गार नाही" असं घरात कुणी म्हणालं की समजावं, वारा फिरला. मीठ ओलसर लागणं, डब्याबाहेर राहिलेला पापड मऊ पडणं, पहाटे उठल्यावर मान चिकट असणं, सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. विदर्भात दारोदारी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर चालतात आणि रत्नागिरीत चालत नाहीत त्याचंही कारण हेच. नागपूरच्या बेचाळीस अंशांत पंधरा-वीस टक्के आर्द्रता असली तर कूलर सव्वीस-सत्तावीस अंशांचा झोत देतो. रत्नागिरीच्या तेहतीस अंशांत सत्तर टक्के आर्द्रता असताना तोच कूलर खोलीत नुसता ओलावा भरतो.

आता एक कोडं. वाफ आहे, ऊन आहे, तरी सकाळी अकराला पाऊस का पडत नाही? आणि दमट म्हणून ओळखलेल्या दिवशीही कितीदा तरी आभाळ भरून येतं आणि काहीच होत नाही, ते का? उत्तर दीड-दोन किलोमीटरच्या वर असतं. तिथे वायव्येकडून आलेल्या कोरड्या, गरम हवेचा थर पसरलेला असतो, कुकरवर झाकण असावं तसा. खालून येणारा गोळा त्याच्यापाशी पोचतो आणि बघतो तर आजूबाजूची हवा आपल्याहून गरम. मग तो तिथेच थबकतो. दिवसभर असे गोळे वर येऊन आपटत राहतात. झाकण घट्ट असेल तर सूर्य कलतो, जमीन थंडावते, खेळ संपतो. रात्री आपण म्हणतो, नुसतंच उकडलं. पण जमीन पुरेशी तापली आणि झाकण एखाद्या ठिकाणी निघालं, तर दिवसभर कोंडलेली सगळी वाफ त्या एका भोकातून वर धावते. वळवाचा पाऊस दुपारी तीन ते संध्याकाळी सात यांच्यातच बहुतेकदा गाठतो, आणि येतो तो एवढा आडदांडपणे, त्याचं कारण हे झाकण. झाकण नसतं तर दिवसभर भुरभुर झाली असती.

या झाकणाची तब्येत सकाळीच थोडी कळते. सकाळी आठ-नऊला मधल्या उंचीवर छोट्या ढगांची रांग दिसली आणि त्या प्रत्येक ढगाला वर बुरूज फुटलेले दिसले, किल्ल्याच्या तटासारखे, तर वरची हवा अस्थिर आहे असं समजावं. त्या दिवशी गच्चीवर काही पसरायचं असेल तर दुपारी घरात कुणीतरी हवं.

मग दुपारी ढग उठतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे कडक, धारदार काठ दिसत असतील तर तो अजून चढतो आहे. काठ विसविशीत, तंतूंसारखे झाले आणि माथा ऐरणीसारखा पसरला की तो वरच्या छताला टेकला, त्यात बर्फ झाला. आमच्याकडे एप्रिलात शून्य अंशांची पातळी पाचेक किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे पंधरा किलोमीटर उंचीच्या ढगाचा दोन-तृतीयांश भाग त्या शून्य अंशांच्या पातळीच्या वर, ऐन उन्हाळ्यात. तिथे पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही न गोठता तरंगत असतात, आणि एखादा बर्फाचा कण मिळाला की त्यावर येऊन थिजतात. वर चढणारा झोत जोरकस असेल तर तो कण खाली येऊ शकत नाही, थरावर थर चढत गार होते. गार हातात घेऊन फोडली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये महाराष्ट्रात दिवसचे दिवस गारपीट झाली, द्राक्षबागा आणि काढणीला आलेला गहू झोडपून गेला. त्या वेळी शेतांत पांढरा थर साचल्याची छायाचित्रं ज्यांनी पाहिली त्यांना उन्हाळ्यात बर्फ कुठून, हा प्रश्न पुन्हा पडला नसेल.

याच गोठणाऱ्या भागात हलके बर्फकण आणि जड, भुसभुशीत गारा एकमेकांवर आपटतात आणि त्यातून वीज साठते. हलके कण धन प्रभार घेऊन वर जातात, जड गारा ऋण प्रभार घेऊन मध्यावर राहतात. वीज कडाडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा सुमारे तीस हजार अंशांपर्यंत तापते, स्फोटासारखी पसरते, तो गडगडाट. उजेड लगेच पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. चमकल्यापासून सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, इतके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची वीज तुमच्या गच्चीवरही पडू शकते. कपडे वाळत घालायची तार, लोखंडी कठडा, पाण्याची टाकी, यांच्यापासून तेव्हा दूर जायला हवं. कुरडया भिजल्या तर भिजू द्याव्यात. शेतात असाल तर झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, कारण जाता जाता ढग मागे वीज टाकतो. हे मी आग्रहानं सांगतो, कारण दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं आणि जनावरं झाडाखाली उभी असताना जातात. रात्री जेवताना क्षितिजावर नुसतं चमकताना दिसलं आणि आवाज काहीच आला नाही, तर तो ढग पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे आहे. कधी शंभर किलोमीटरवरचंही दिसतं.

पावसाच्या आधी वारा येतो, याचीही एक जागा आहे या गोष्टीत. ढगातून निघालेले थेंब खालच्या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच थोडे वाफ होतात. त्यानं ती हवा थंड आणि जड होते, आणि जड हवा खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंना पसरते, बादली फरशीवर ओतावी तशी. ढग अजून आठ-दहा किलोमीटर दूर असतो आणि हा गार झोत आपल्यापर्यंत येऊन पोचतो. त्याच्याबरोबर येतो मातीचा वास. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन संशोधकांनी १९६४ साली या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं. कनौजच्या अत्तरवाल्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून तो मिट्टी अत्तर म्हणून कुपीत भरला आहे. वास आला म्हणजे कुठेतरी पाऊस पडून गेला आणि त्याचा वारा तुमच्याकडे निघाला आहे. आमच्या गच्चीवर तो वास ही धावपळीची घंटा असते. तिथून पावसाचा पहिला थेंब पडेपर्यंत कधी दहा मिनिटं मिळतात, कधी पाचच.

हा वाराच कधी पावसाहून घातक ठरतो. १३ मे २०२४ ला दुपारी साडेचारच्या सुमारास मुंबईत धुळीचं वादळ आलं, तेव्हा घाटकोपरला पेट्रोल पंपावर एक प्रचंड जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. बरेच जण वारा-पावसापासून आडोसा म्हणूनच तिथे थांबले होते. धुळीची काळी भिंत येताना दिसली तर फलक, पत्र्याच्या शेड, जुनी झाडं यांच्या आडोशाला जाऊ नये, पक्क्या इमारतीत जावं.

एक ढग जगतो किती? बहुतेकदा अर्धा ते एक तास. कोसळणारी गार हवा त्याचीच वर चढणारी वाट तोडते, आणि तो स्वतःच्याच पावसानं विझतो. त्याची रुंदीही पाच-दहा किलोमीटरांचीच. म्हणून एका गावात ओढे वाहतात आणि शेजारच्या गावात धूळ तशीच. पण पसरलेला गार वारा पुढच्या उकडलेल्या हवेखाली पाचरीसारखा घुसतो, तिला उचलतो, आणि तिथे नवा ढग उभा राहतो. असा पाऊस गावागावांतून उड्या मारत पुढे सरकतो. आमच्याकडे तो बहुतेकदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो. वाफ तिकडची आणि ढगांना ढकलणारे वरचे वारेही तिकडचे. म्हणून आई कवठेमहांकाळच्या बाजूला बघते. मृगाचा पाऊस पश्चिमेकडून, सह्याद्रीवरून येतो, तेव्हा ती गच्चीच्या दुसऱ्या कठड्याला जाते.

बंगालमध्ये याच जातीच्या वादळाला कालबैसाखी म्हणतात, केरळ-कर्नाटकात आंब्याच्या दिवसांतला पाऊस म्हणून ओळखतात. आपण दोन नावं ठेवली आहेत आणि त्यांत आपली गरज दिसते. द्राक्ष, बेदाणा, हळद उघड्यावर असताना मार्च-एप्रिलात आला तर तो अवकाळी. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, त्याच्या पुढे-मागे नांगरटीच्या वेळी आला तर तोच वळीव, आणि त्याची वाट बघितली जाते.

आता अंदाजाकडे येऊ, कारण आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. दमट वारा, कमी दाबाचा पट्टा, वरचं झाकण या गोष्टी शेकडो किलोमीटर पसरलेल्या असतात. त्या चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतात. आठ किलोमीटरचा ढग मात्र आदल्या दिवशीही कुठल्या गावावर उभा राहील हे कुणालाच सांगता येत नाही, तो जन्मालाच दुपारी येतो. म्हणून हवामान विभाग जिल्ह्यासाठी जो अंदाज देतो त्याची भाषा नीट वाचायला हवी. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे पंचवीस ते पन्नास टक्के, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याहून जास्त. तुरळक म्हटलं असताना तुमच्याकडे थेंबही पडला नाही तर अंदाज चुकला असं होत नाही. चारांतल्या तीन गावांत पडणार नाही, हेच तर त्यानं सांगितलं होतं. रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे निश्चिंत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे पावलं उचला. पिवळा रंग बघून लग्नाचा मांडव हलवायची गरज नसते. मांडवाचे दोर तपासायची असते.

प्रत्यक्ष दुपारी मात्र पाच दिवसांचा अंदाज उपयोगाचा नाही. तेव्हा तीन तासांचा तातडीचा इशारा बघावा, तो रडारवर दिसणाऱ्या ढगावरून दिलेला असतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं दामिनी हे ॲप आहे. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर ते सांगतं. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ते असावं असं मला वाटतं.

इतकी वर्षं हे बघून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. काम जितकं लांब, तितका अंदाज लांबचा घ्यावा आणि तितकाच ढोबळ प्रश्न विचारावा. संध्याकाळी फिरायला जायचं तर पूर्वेचं आभाळ आणि तीन तासांचा इशारा पुरतो. साबुदाण्याच्या पापड्यांना दोन दिवस लागतात, त्यांना माठ आणि उद्या-परवाचा अंदाज पुरतो. कुरडई ही सहा-सात दिवसांची बाब, तिथे कमी दाबाचा पट्टा विचारायचा. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं पंधरा दिवस सुकत असतात, तेवढ्या लांबचा भरवशाचा अंदाज नसतो, म्हणून तिथे वर छप्पर आणि बाजूला पडदे ठेवावे लागतात. पावसानं, नुसत्या दमट हवेनंही बेदाणा काळवंडतो, दर पडतो. आणि लग्नाची तारीख तर सहा महिने आधी धरलेली. तिला कुठलाच अंदाज नाही, तिला पक्कं छत हवं.

एक बारीक गोष्ट वाळवणाबद्दल, जी पाऊस नसतानाही लागू आहे. आई सूर्य मावळायच्या आत सगळं घरात घेते. मला लहानपणी वाटायचं, कोरडी रात्र आहे, राहू दे की बाहेर. आता हिशेब कळला. दुपारी अडतीस अंशांत वीस टक्के आर्द्रता असलेली हवा पहाटे बावीस अंशांवर आली की, वाफ तेवढीच असूनही, तिची आर्द्रता पन्नास टक्के होते. दमट दिवशी तर पहाटे तेवीस अंशांवर ती सत्तरच्या पुढे जाते. दिवसभर सोडलेलं पाणी कुरडई रात्री हवेतून परत पिते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला ती पुन्हा बाहेर. आणि एकदा पाऊस पडून गेला की पुढचे दोन-तीन दिवस सावध राहावं. भिजलेली जमीन स्वतःच वाफ सोडते, दवबिंदू वर राहतो, दुपारी पुन्हा ढग धरतात. वळीव असा सलग तीन-चार संध्याकाळी येतो, मग वायव्येचा वारा सुटतो आणि सगळं कोरडं करून टाकतो. तो वारा सुटला ती आमच्याकडे कुरडईची वेळ.

कधी कधी उन्हाळाच आखडतो. २०२५ मध्ये मे महिनाभर पाऊस येत राहिला, मोसमी वारे २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचले. मुंबईत १९५० पासूनच्या नोंदींत ते इतक्या लवकर कधी आले नव्हते, एरवी तिथली सरासरी तारीख ११ जून. त्या वर्षी ज्यांनी वाळवण एप्रिलात उरकलं त्यांचेच डबे भरले. तेव्हापासून आमच्याकडे कुरडई मेवर ढकलत नाहीत.

परवा संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा पूर्वेला लांबवर चमकत होतं, आवाज नव्हता. सकाळी बुरुजांचे ढग दिसले होते. माठाचं पाणी कोमट. जिल्ह्याच्या अंदाजात तीन दिवस पिवळा, "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह", आणि चौथ्या दिवसापासून कोरडं. मी हे सगळं सांगितलं. आई थोडा वेळ बोटांवर मोजत राहिली.

"मग उद्याच घालू की," ती म्हणाली. "गहू भिजतोय तोवर पडू दे काय पडायचं ते. चीक निघेल तेव्हा ऊन येतंय."

मी तीन दिवस पाऊस आहे म्हणून थांब, असं सांगणार होतो. तिनं खाली जाऊन गव्हाचा डबा काढला, पाच किलो मापून परातीत ओतला आणि खडे निवडायला बसली.